परसातले कुंड

इ. स. १८९१ साली मराठी पोवाड्यांचा एक संग्रह प्रसिद्ध झाला. ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हे त्याचे नाव. शंकर तुकाराम शाळिग्राम आणि हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ हे त्याचे संग्राहक. अ‍ॅकवर्थ हे नाव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस परिचित आहे ते ह्या संग्रहामुळे. गोंधळ्यांच्या तोंडी असलेली, कोठे कोठे बाडांत पडून राहिलेली ही कवने एका इंग्रज अधिकाऱ्याने आस्थेने जमवावीत, आणि पुढे १८९४ मध्ये त्यांतील काहींचे इंग्रजी पद्यात भाषांतरही करावे, ही गोष्ट सामान्य नव्हे. परंतु पोवाडे हा अ‍ॅकवर्थचा फावल्या वेळचा उद्योग होता. त्याचा पगारी उद्योग म्हणजे मुंबई शहराचे म्युनिसिपल कमिशनरपद. आणि त्या पदावरून त्याने केलेले जे काम आजही मुंबईत उभे आहे, त्याचा पोवाड्यांशी काही संबंध नाही. १८९० साली त्याने शहराच्या त्या वेळच्या वेशीबाहेर, माटुंग्याच्या बाजूस, रस्त्यावर भटकणाऱ्या बेघर कुष्ठरोग्यांसाठी एक आश्रम स्थापन केला. वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय ते हेच.

ह्या आश्रमाच्या सांडपाण्यासाठी पुढे काही कुंडे बांधण्यात आली. १८९७ च्या सुमारास त्या कुंडांवर वायू गोळा करण्याची योजना बसविली गेली आणि त्या वायूवर एक इंजिन चालविण्यात आले. समाजाने ज्यांस गावकुसाबाहेर ठेवले होते, त्यांच्या विष्ठेतून निघालेल्या वायूवर चाललेले हे इंजिन जगातील अशा प्रकारच्या अगदी आरंभीच्या यंत्रांपैकी एक होय. आज भारतात असंख्य घरांमागे, अंगणाखाली अथवा मोटार उभी करण्याच्या फरशीखाली जी सेप्टिक टँक असते, तिच्या भारतातील इतिहासाचे एक महत्त्वाचे पान माटुंग्याच्या त्या आवारात उलगडते.

सेप्टिक टँक म्हणजे काय हे सांगण्याची वस्तुतः गरज पडू नये. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील शहरी घरांपैकी शेकडा ३८.२ घरांस सेप्टिक टँक होती, तर नळमार्गाने नेलेले भुयारी गटार केवळ शेकडा ३२.७ घरांस. म्हणजे आपली शहरे गटारांवर जितकी चालतात त्याहून अधिक ह्या कुंडांवर चालतात. असे असूनही ज्यांच्या घरी ते आहे त्यांतील बहुतेकांस ते नेमके कोठे आहे, ते किती मोठे आहे, ते शेवटचे केव्हा उपसले, ह्यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. घर बांधताना गवंड्याने सांगितले आणि मालकाने मान डोलावली, इतकाच पुष्कळदा त्याचा इतिहास असतो.

हे कुंड पाणी न गळणारे, झाकलेले आणि मध्ये एक आडभिंत असलेले असते. घरातून आलेला मैला त्यात संथ होतो. जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग साय धरावी तसा वर तरंगतो, आणि मधले पाणी पुढच्या दालनात जाऊन बाहेर पडते. तळच्या गाळात हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू असतात. ते त्या गाळाचा काही भाग खाऊन त्याचे पाणी आणि वायू करतात. येथे लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. कुंडातून बाहेर पडणारे पाणी दिसावयास पुष्कळ निवळलेले असले तरी ते शुद्ध नसते. रोगजंतू त्यात भरपूर असतात. कुंड अर्धेच काम करते. उरलेले अर्धे काम मातीने करावयाचे असते. म्हणून कुंडाला जोडून शोषखड्डा किंवा जमिनीखाली खडीत घातलेला सच्छिद्र नळांचा चर लागतो. हा दुसरा भाग आपल्याकडे खर्च वाचविण्यासाठी सर्रास गाळला जातो आणि कुंडाचे पाणी रस्त्याकडेच्या उघड्या गटारात सोडले जाते. ज्याला लोक सेप्टिक टँक म्हणतात ते पुष्कळ ठिकाणी अर्धे यंत्रच असते.

घराचे पाणी घराजवळच जिरवावे, ही कल्पना मात्र ह्या कुंडाहून फार जुनी आहे. मोहेंजोदडोच्या घरांतून न्हाणीची पक्की विटांची फरशी, तिच्यापासून गल्लीतल्या झाकलेल्या गटारापर्यंत जाणारी नाली आणि वाटेत गाळ साठविण्याचे खड्डे सापडले आहेत. गुजरातेत लोथल येथे १९५५ पासून जे उत्खनन झाले त्यात सांडपाणी मुरविण्यासाठी जमिनीत पुरलेले रांजणही मिळाले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रस्त्यावर केर टाकणाऱ्यास आणि चिखलपाणी तुंबविणाऱ्यास दंड सांगितला आहे, आणि राजमार्गावर तोच दंड दुप्पट. त्याहून सूक्ष्म नियम गृहवास्तूच्या प्रकरणात आहेत. शेजाऱ्याच्या भिंतीपासून पाण्याची नाली किती अंतरावर असावी, उकिरडा, मोरी व विहीर घरास उचित अशाच जागी असावी, असा तेथे दंडक आहे. ह्याला अपवाद एकच सांगितला आहे: बाळंतिणीसाठी दहा दिवसांपुरता खणलेला खड्डा. शासनाचा कारभार पाहणाऱ्या कोणालाही ह्या अपवादाचे कौतुक वाटावे. नियम करणाऱ्याने एखादे खरे घर डोळ्यांसमोर ठेवले होते, ह्याची तो अपवाद म्हणजे साक्ष आहे.

महाराष्ट्रातील जुन्या घराची रचना पाहिली म्हणजे ह्याच विचाराची एक घरगुती पद्धत दिसते. ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परस. परसात आड, आडाजवळ दगडी डोण, आणि मोरीच्या तोंडाशी अळू, केळ आणि कर्दळ. ही झाडे तेथे शोभेसाठी लावलेली नसत. ज्यांना सतत ओल लागते आणि जी ती ओल शोषून वाढतात, अशीच झाडे तेथे असत. कोकणात न्हाणीचे पाणी माडाच्या किंवा पोफळीच्या आळ्यात सोडण्याचा प्रघात होता. भांडी घासलेले आणि अंग धुतलेले पाणी झाडांना. मैल्याची व्यवस्था मात्र वेगळी आणि दूर. हा भेद महत्त्वाचा आहे. १९५० नंतरच्या दशकात जर्मनीत काटे झाइडेल ह्या विदुषीने पाणवनस्पतींच्या मुळांनी सांडपाणी निवळते काय ह्याचे पद्धतशीर प्रयोग आरंभिले, आणि त्यातून पुढे वनस्पतींच्या आधारे सांडपाणी शुद्ध करण्याचे शास्त्र वाढले. आज भारतात अशा योजना होतात तेव्हा त्यांत लावल्या जाणाऱ्या झाडांत आपली कर्दळ असते. आजीबाईस सर्व शास्त्र ठाऊक होते असा ह्याचा अर्थ मुळीच नाही. तिच्या मोरीपाशी डासही विपुल होत.

आता मैल्याची ती वेगळी आणि दूरची व्यवस्था. खेड्यात माणसे शेताकडे जात. गोव्यातील जुन्या घरांतून डुकरांकडून सफाई होण्याची रचना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकून होती. शहरी वाड्यांत परसाच्या टोकाला शौचकूप असे आणि त्याच्या मागे एक बोळ, कारण जो माणूस रोज पहाटे टोपली घेऊन येई त्याने घराच्या अंगणात पाऊल टाकता कामा नये. मुंबईत त्याला हलालखोर म्हणत, आणि त्याच्या कामासाठी नगरपालिका जी पट्टी वसूल करी तिला सरकारी कागदपत्रांत त्याच जातिवाचक शब्दाचे नाव होते. वास्तुरचना ही समाजरचनेची प्रतिमा असते असे म्हणतात. त्या मागच्या बोळाइतका ह्याचा उघड पुरावा दुसरा नसेल. मैल्यास मात्र किंमत होती. राखेत मिसळून, वाळवून त्याचे जे खत होई त्याला मराठीत सोनखत म्हणत. खडकवासल्याच्या धरणानंतर मुठेच्या कालव्यांवर ऊस वाढू लागला तेव्हा पुण्याच्या सोनखताला ऊसकऱ्यांकडून चांगली मागणी आली. खताला सोन्याचे नाव मिळाले. ते वाहणाऱ्याच्या वाट्याला काय आले, हे सांगावयास नको.

युरोपातही शतकानुशतके घराखाली किंवा घरामागे साधा मैल्याचा खड्डा असे आणि तो रात्री उपसला जाई. तो विहिरीजवळ असला तर काय होते हे लंडनने १८५४ मध्ये पाहिले. ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाचे पाणी पिणारी माणसे पटकीने मेली. डॉक्टर जॉन स्नो ह्याने पंपावर बोट ठेवले, आणि पुढे जमीन खणली तेव्हा शेजारच्या घराचा मैल्याचा खड्डा त्या विहिरीपासून सुमारे तीनच फुटांवर असून त्याच्या विटा ढासळलेल्या आढळल्या. आज घराच्या नकाशावर अधिकारी विहीर आणि शोषखड्डा ह्यांत अंतर मागतो, त्यामागे ही एक गल्ली आहे.

त्यानंतर सहाएक वर्षांनी फ्रान्समधील वेझूल येथे झां लुई मुरास ह्याने आपल्या घरासाठी एक नवीन प्रकारचे कुंड बांधले. घरातून येणारा नळ आणि बाहेर जाणारा नळ, दोन्हींची तोंडे पाण्याखाली बुडालेली, त्यामुळे आत हवा जात नसे. पुष्कळ वर्षांनी कुंड उघडले तेव्हा ते मैल्याने भरलेले असेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात बरेचसे पाणी आणि वर थोडी साय एवढेच मिळाले, अशी हकीकत सांगतात. हवेवाचून जगणारे जंतू असतात हे लुई पाश्चरने १८६१ मध्येच दाखविले होते, पण मुरासच्या कुंडात तेच काम करीत आहेत हे कळावयास वेळ लागला. मुरासने १८८१ मध्ये पेटंट घेतले आणि मोअॅन्यो ह्या विज्ञानप्रेमी धर्मगुरूने आपल्या नियतकालिकातून त्याची वार्ता जगाला दिली.

ह्या कुंडास आजचे नाव मिळाले ते इंग्लंडातील एक्झेटर गावी. तेथील नगर सर्वेक्षक डॉनल्ड कॅमेरॉन ह्याने १८९५ च्या सुमारास एक मोठे कुंड बांधले. सडणे ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याने त्यास सेप्टिक टँक म्हटले. कुजणे ही आजवर टाळावयाची गोष्ट होती. कॅमेरॉनने तिला कामाला लावले. निघणारा वायू जाळून त्याने शुद्धीकरणाच्या जागी दिवेही लावले. मात्र पेटंट घेऊन तो थांबला नाही. अमेरिकेत त्याच्या कंपनीने गावोगावच्या पालिकांवर स्वामित्वशुल्कासाठी दावे लावले, आणि हा वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९१३ मध्ये मिटला: मूळ ब्रिटिश पेटंटाची मुदत संपताच अमेरिकेतील पेटंटही संपले, असा निकाल झाला. निसर्गात आपोआप चालणाऱ्या कुजण्यावर कोणाची मालकी असावी, ह्या प्रश्नावर वकिलांनी इतका काळ काढावा ही गंमतच आहे.

एक्झेटरची ही वार्ता मुंबईस पोहोचावयास फार दिवस लागले नाहीत. १८९६ च्या पावसाळ्यानंतर मांडवी भागात प्लेगने डोके वर काढले होते आणि शहराच्या मोऱ्यांकडे सर्वांचे डोळे लागले होते. माटुंग्याचा आश्रम गटारांच्या जाळ्यापासून दूर, स्वतंत्र आवारात. सांडपाण्यावर शेती करण्यास तेथे जागा होती. मुंबईच्या गटारखात्याचा अभियंता सी. कार्कीट जेम्स ह्याने पौर्वात्य शहरांतील मलनिःसारणावर १९०२ मध्ये एक ग्रंथच लिहिला. थंड हवेच्या इंग्लंडात बांधलेले कुंड उष्ण देशात कसे वागेल, मसालेदार अन्न आणि शौचास पाणी वापरण्याची रीत असलेल्या लोकांच्या मैल्याचे विघटन कोणत्या गतीने होईल, हे त्या काळी खरोखरीचे प्रश्न होते. उत्तर अनुकूल निघाले. उष्णतेने जंतूंचे काम वेगाने होते. ह्या बाबतीत मुंबईचे हवामान एक्झेटरहून सरस.

ह्याच ठिकाणी इतिहासाच्या दृष्टीने एक दुरुस्ती करणे अवश्य आहे. जैववायूवरील कितीतरी पुस्तकांत, अहवालांत आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत असे विधान आढळते की जगातील पहिले जैववायू संयंत्र मुंबईच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १८५९ साली बांधले गेले. राष्ट्राभिमानास हे विधान सुखावणारे आहे, आणि म्हणूनच बहुधा ते कोणी तपासत नाही. परंतु ज्या आश्रमाची स्थापनाच १८९० मध्ये झाली त्यात १८५९ साली कुंड कसे असणार? वायू साठविण्याची आणि इंजिन चालविण्याची नोंद आहे ती १८९७ ची. कोणाच्या तरी लेखणीतून एकदा चुकलेला आकडा पुढच्या प्रत्येकाने मागच्यावर विश्वासून उतरून घेतला, असेच दिसते. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना हा प्रकार नवा नाही. बखरीतील शक आणि अस्सल पत्रातील शक ह्यांचा मेळ घालण्यात त्यांच्या पिढ्या गेल्या. आणि खरे पाहता १८९७ ह्या सालातही अभिमानास जागा कमी नाही. एक्झेटरनंतर दोनच वर्षांत मुंबईने त्या वायूला नुसते जाळण्याऐवजी कामाला जुंपले होते.

मुंबईत ज्या गोष्टीचा प्रयोग झाला तिच्यावरून बंगालात वादळ उठले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हुगळीकाठच्या तागाच्या गिरण्यांनी आपल्या हजारो मजुरांसाठी सेप्टिक टँका बांधल्या आणि त्यांचे पाणी नदीत सोडले. हुगळी म्हणजे गंगा. सनातनी मंडळींनी ह्याला हरकत घेतली. गिरणीमालक आणि सरकारी अभियंते म्हणाले की पाणी शुद्ध होऊनच नदीत जाते. वृत्तपत्रांतून आणि सभांतून हा वाद पुष्कळ गाजला. त्या काळच्या सुशिक्षितांना ह्यात जुन्या श्रद्धेचा आणि नव्या शास्त्राचा झगडा दिसला. आजच्या ज्ञानाने पाहता निकाल थोडा वेगळा द्यावा लागतो. कुंडातून निघालेल्या पाण्यात रोगजंतू असतात हे मागे आलेच आहे. तेव्हा नदीचे पावित्र्य ह्या शब्दाने बोलणारे लोक, निदान ह्या एका मुद्द्यावर, प्रयोगशाळेच्या भाषेत बोलणाऱ्यांपेक्षा सत्याच्या अधिक जवळ होते.

पुढच्या काळात हे कुंड गिरण्या, छावण्या, रेल्वेच्या वसाहती आणि साहेबांचे बंगले ह्यांतून हळूहळू सामान्य घरांकडे आले. त्याचे खरे युग सुरू झाले ते स्वातंत्र्यानंतर, नगरांच्या कडेने गृहनिर्माण संस्थांच्या वसाहती उठू लागल्या तेव्हा. प्लॉट मिळाला, कर्ज मिळाले, नळ आला. गटार काही येईना. मग परसात कुंड आले. टोपली आणि मागचा बोळ ह्यांतून घर मोकळे झाले, ही त्याची सर्वांत मोठी देणगी समजली गेली. भारतीय मानक संस्थेने त्याचे मापही ठरवून दिले. पाच माणसांच्या घरास साधारणतः दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि मीटरभर खोल पाण्याचे कुंड पुरते. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान अठरा मीटर आणि राहत्या घरापासून सहा मीटर दूर हवा. ज्या प्लॉटची एकंदर रुंदीच बारा मीटर, त्यावर शेजाऱ्याच्या विहिरीचाही विचार करून ही अंतरे कशी पाळावयाची हे कोणत्याही मानकात लिहिलेले नसते. त्याचे उत्तर नगररचना कार्यालयाच्या टेबलावर शोधले जाते, आणि तेथे ते बहुधा कागदापुरते सापडते.

मानकाहून मोठी सत्ता जमिनीची. देशावरची काळी रेगड माती पावसाळ्यात फुगते आणि पाणी पिण्याचे नाकारते. तीत खणलेला शोषखड्डा श्रावणात तुडुंब भरतो आणि घरातला नळ उलटा बोलू लागतो. मुरमात पाणी सुखाने मुरते. कोकणातील जांभ्याचे याच्या अगदी उलट: तो इतक्या सहजपणे पाणी सोडतो की गाळण होण्यापूर्वीच ते शेजारच्या विहिरीत पोहोचण्याचे भय असते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याचा अभियंता हेन्री रायन ह्याने १९२६ च्या सुमारास एक साधी परीक्षा रूढ केली. खड्डा खणावा, पाण्याने भिजवावा, पुन्हा पाणी भरावे आणि पातळी एक इंच उतरण्यास किती मिनिटे लागतात ते घड्याळावर पाहावे. त्यावरून चराची लांबी ठरवावी. ह्या परीक्षेस एक कुदळ, एक बादली आणि एक घड्याळ लागते. आपल्याकडे नवीन घराच्या पायाभरणीस मुहूर्त पाहिला जातो, पण जमिनीची ही परीक्षा क्वचित घेतली जाते.

बागेचा प्रश्न येथेच येतो. परसात कुंड आहे हे विसरून जेव्हा बाग आखली जाते, तेव्हा दोन्हींचे नुकसान होते. वड, पिंपळ, उंबर आणि बांबू ह्यांची मुळे ओलाव्याच्या शोधात नळांच्या सांध्यांत आणि विटांच्या भेगांत शिरतात. अशी झाडे कुंडापासून आणि चरापासून पुष्कळ लांब हवीत. चरावर सर्वांत उत्तम म्हणजे हरळी, किंवा उथळ मुळांची फुलझाडे. ती मातीतला ओलावा उडवून लावतात आणि मातीला हवा खेळती ठेवतात. तेथे कोथिंबीर, मुळा, पालक मात्र लावू नये. जे कच्चे खाल्ले जाते अथवा ज्याला माती चिकटते ते ह्या जमिनीत नको. चरावर मोटार उभी करू नये आणि सिमेंटही ओतू नये, कारण दाबलेली आणि झाकलेली माती श्वास घेईनाशी होते आणि तिचे अर्धे काम थांबते. स्वयंपाकघरातील तेलतूप मोरीत न ओतणे आणि संडासात फिनेल व आम्ले बेसुमार न ओतणे ह्या गोष्टी गृहिणीस कोणी सांगितल्या तर त्यामागचे कारणही सांगावे: आतल्या जंतूंना मारले की कुंड म्हणजे नुसता हौद उरतो. न्हाणीचे आणि कपड्यांचे पाणी कुंडात न सोडता वेगळे केळीकडे न्यावे, म्हणजे कुंडावरचा भार पुष्कळ हलका होतो. जुन्या परसातला भेद येथे पुन्हा उपयोगी पडतो.

तथापि कुंड कितीही चांगले चालले तरी तळचा गाळ पूर्णपणे नाहीसा होत नाही. दोन-तीन वर्षांनी तो उपसावाच लागतो. तो कोण उपसणार, ह्या प्रश्नापाशी हा इतिहास पुन्हा त्या मागच्या बोळात येऊन उभा राहतो.

हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर हाताळला त्यांत आप्पासाहेब पटवर्धन ह्यांचे नाव अग्रभागी आहे. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असता त्यांनी भंगीकाम करू देण्याची मागणी केली. हे काम विशिष्ट जातीच्या कैद्यांनीच करावयाचे, असा तुरुंगाचा दंडक होता, म्हणून ती नाकारण्यात आली. आप्पासाहेबांनी आपले अन्न कमी केले. येरवड्यास असलेल्या गांधीजींनी ३ डिसेंबर १९३२ रोजी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभिला, आणि सरकारला नमते घ्यावे लागले. स्वातंत्र्यानंतर कणकवलीस गोपुरी आश्रमात आप्पासाहेबांनी ज्या रचनेचा संडास सिद्ध केला तो गोपुरी संडास म्हणून ओळखला जातो. मैला पालापाचोळ्याने झाकावा, काही महिन्यांत त्याचे निर्गंध खत व्हावे आणि ते घरच्याच माणसाने हातात घेऊन घरच्याच बागेत टाकावे, ही त्यामागची योजना. मैल्यापासून वायू करण्याचे प्रयोगही त्यांनी केले. तत्त्वज्ञानाचा हा पदवीधर खताविषयी ज्या बारकाव्याने लिहितो ते वाचताना त्याला हा विषय उपनिषदांहून दुय्यम वाटत नव्हता, हे स्पष्ट होते. त्यांच्या प्रयोगांचा धागा पुढे देहू येथील आरोग्य केंद्राचे डॉक्टर सुहास विठ्ठल मापुसकर ह्यांनी उचलला. तुकोबांच्या गावी त्यांनी घरोघर संडास व्हावेत म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली आणि संडासास जोडलेले ‘मलप्रभा’ हे वायुसंयंत्र प्रचारात आणले. २०१७ मध्ये त्यांस मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

कायद्याची चाल मात्र मंद राहिली. हाताने मैला उचलण्यास आणि कोरडे संडास बांधण्यास बंदी करणारा कायदा १९९३ मध्ये झाला, पण त्याची दृष्टी टोपलीवर होती, कुंडावर नव्हती. टोपली नाहीशी झाली तरी माणूस झाकण उघडून आत उतरतच होता. हे उतरणे टोपलीहून अधिक प्राणघातक. बंद कुंडात मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साचलेले असतात आणि प्राणवायू जवळजवळ नसतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण त्याचे प्रमाण वाढले की ते नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करते. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असे आतल्या माणसास वाटते, आणि त्याच क्षणी धोका सर्वांत मोठा असतो. पहिला पडला की त्याला काढावयास दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच कुंडात दोघे, तिघे, कधी बाप आणि मुलगा गेल्याच्या बातम्या येतात त्या ह्यामुळे. २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टँक आणि गटार ह्यांत सुरक्षासाधनांवाचून माणूस उतरविणे हा गुन्हा ठरविला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून अशा रीतीने मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबास दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. ज्या घरमालकाने झाकण उघडून दिले तोही जबाबदारीतून सुटत नाही, ही गोष्ट अजून पुरेशी लोकांच्या कानी गेलेली नाही.

उपाय यंत्राचा आहे आणि तो अवघड नाही. निर्वात पंप बसविलेला टँकर रस्त्यावर उभा राहतो, नळी कुंडात सोडली जाते, माणूस वरच राहतो. अडचण वेळापत्रकाची. कुंड तुंबल्यावाचून कोणी टँकर बोलावीत नाही, आणि तुंबलेल्या कुंडातला अनेक वर्षांचा दगडासारखा बसलेला गाळ पंपाने निघत नाही. मग पुन्हा माणूस शोधला जातो. ह्यावर सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर ह्या नगरपालिकांनी वेगळी वाट काढली. मागणीची वाट न पाहता प्रत्येक घराचे कुंड तीन वर्षांतून एकदा पाळीने उपसावयाचे, आणि त्याचा खर्च करातून भागवावयाचा, अशी योजना त्यांनी सुरू केली. गोळा केलेला गाळ ओढ्यात न ओतता शुद्धीकरणकेंद्रावर नेला जातो. मराठी विश्वकोशाचे गाव म्हणून वाईची जी कीर्ती आहे तीत ही भर पडली आहे, पण घाटांवर जाणाऱ्या प्रवाशांना ती कोणी दाखवीत नाही.

अशा पाळीच्या उपशात टँकरवाल्याचा घरमालकास पहिला प्रश्न असतो, झाकण कोठे आहे? पुष्कळ घरांत ते परसातल्या नव्या फरशीखाली, कुंड्यांच्या रांगेखाली, नाहीतर वाढवून घेतलेल्या न्हाणीघराच्या भिंतीखाली गेलेले असते. तेव्हा जुना गवंडी हयात आहे काय ह्याची चौकशी होते, आणि नळी खांद्यावर घेऊन दोघे जण हातातल्या पहारेने फरशी ठोकीत, पोकळ आवाज कोठे येतो ते ऐकत परसभर फिरू लागतात.